‘जातंय’ म्हण

ईसीजीच्या पट्टीवरून डॉक्टर रोहिणीने पुन्हा एकदा नख फिरवलं. कुठेच काही नाही. समोर पार्से गावची कमलाक्षी बसली होती. वय सत्तरीचं, हात पोटाच्या वरच्या अंगाला. बोलण्याचा मक्ता मुलाने, गुरुदासने घेतलेला. "सकाळी पातळभाजी-पाव खाल्ल्यान, तेवांपासून जळजळता, डॉक्टर." म्हातारी नुसती मान हलवत होती. बाहेर रांग फाटकापर्यंत गेली होती. ड्युटीवर डॉक्टर एकच, आणि तिला बेळगावहून इथे येऊन जेमतेम महिना झालेला.

"पित्त आहे. घरी न्या," रोहिणी म्हणाली.

या दवाखान्याची एक रीत होती. घरातून निघताना माणूस ‘येतो’ म्हणतो. इथून निघताना मात्र तो शब्द वर्ज्य. नर्स सुमंगला दारात उभी राहून प्रत्येकाकडून ‘जातंय’ वदवून घ्यायची आणि वर चिडवायची, "परत तोंड दाखवू नको हां!" रोहिणीला हे सगळं खूळ वाटे.

कमलाक्षी दाराशी पोचली. "आजी, ‘जातंय’ म्हण," सुमंगला हसत म्हणाली. म्हातारी थांबली. वळली नाही.

"येतंय गो बाये."

आवाज स्वच्छ होता, एखाद्या तरण्या बाईचा असावा तसा. सुमंगलाचं हसू मावळलं. "डॉक्टर, ऐकलात?"

रोहिणीने ऐकलं होतं. तिने पुढचा केसपेपर ओढला, पण पेन चालेना. पट्टी सरळ होती, शब्द वाकडा. शिकल्यासवरल्या बाईने विश्वास ठेवायचा कशावर? स्वतःलाच शिव्या घालत ती उठली आणि भर उन्हात मायलेकांच्या रिक्षामागे धावली.

म्हातारीला परत आणून काढलेल्या दुसऱ्या पट्टीवर रेघा उसळल्या होत्या. हार्ट अटॅक. म्हातारी घरापर्यंत पोचली नसती. मग गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, ऑक्सिजन, एकच धावपळ. तासाभराने तिच्या चेहऱ्यावर रंग परतला, तेव्हा रोहिणीला रडूच आलं.

"आजी, ‘येतंय’ म्हणालात म्हणून वाचलात," तिने हात धरून सांगितलं.

कमलाक्षी तिच्याकडे बघत राहिली. गुरुदास गोंधळला.

"कोण म्हणालां? डॉक्टर, आई जल्मापासून मुकी असा."