ताठ पाठीचा भाऊ

मानसिंगच्या पत्राला नाथाजीनं उत्तर दिलं नव्हतं. धाकट्या भावानं सांगलीहून लिहिलं होतं, 'विजयमालेच्या कन्यादानाला दादा-वहिनींनी बसावे. जावयाचे पाय तुमच्या हातून धुतले जावेत.'

"बाप जित्ता असताना चुलत्यानं बसायचं?" कोरेगावच्या घरात नाथाजी बायकोवर खेकसला. "मिलटरीचा साहेब कुनाचं पाय कसा धुवंल! त्याला हाय न्हवं वाकलेला भाऊ."

"आवं, मान दिलाय तुमास्नी," राहीबाई म्हणाली.

"मान? आई गेली तवा तिच्या पायाला हात लावला का त्यानं? उभ्यानंच नमस्कार!"

दोघे भाऊ भरतीला एकत्र गेले होते. छाती फुगत नाही म्हणून नाथाजीला परत पाठवलं. पुढे त्याची पाठ आखडत गेली, वाकली. आता चालताना त्याला लोकांचे पायच दिसत. मानसिंगचा गणवेशातला फोटो भिंतीवर होता. राहीबाई तो पदरानं पुसायची तेव्हा नाथाजी घराबाहेर जायचा.

दुखणं फार वाढलं तशी राहीबाईनं त्याला रेल्वेनं मिरजेला नेलं.

"हे घराण्यात चालतं," तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले. "काहींच्या रक्तात जन्मापासून एक खूण असते. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. खूण असली म्हणून आजार होतोच असं नाही, पण धोका मोठा. आता मुंबईला रक्त पाठवून कळतं. भाऊ आहे?"

"हाय. खांबावानी ताठ. एकाच आईबापाची दोघं, आन् दुखनं तेवढं माझ्या वाट्याला."

"त्यांनाही तपासायला हवं."

"पोरीचं लगीन ठरलंय त्याच्या. रक्तात खोट हाय म्हटल्यावर मोडंल."

बोलता बोलता नाथाजीला एक विचार सुचला, आणि तो त्याला आवडला. औषध मिळेपर्यंत त्यानं बाहेर जाऊन एक पोस्टकार्ड आणलं. मानसिंगच्या शिराळ्याच्या होणाऱ्या व्याह्यांचं नाव त्याला ठाऊक होतं.

कार्ड मांडीवर घेऊन तो बाकावर बसला. शेजारच्या पडद्याखालून काळे बूट दिसत होते. एक बाई खाली बसून त्यांच्या नाड्या सोडत होती.

"गुडघ्यांना हात लावा," आतून डॉक्टर म्हणाले. "वाका. आणखी."

"हितंच अडतं, साहेब. मणका सरळच्या सरळ धरलाय. म्हनून तर पलटनीतनं घरी धाडलं. आईच्या शेवटचं पाया पडता आलं न्हाई."

"घरी माहीत आहे?"

"ही सोडून कुनाला न्हाई. पोरीचं लगीन पार पडू द्या. दादाला कन्यादानाला बसा म्हनून लिवलंय. त्यो येईल का न्हाई, ठावं न्हाई."

नाथाजी उठला. औषध घेऊन आलेल्या राहीबाईला त्यानं खुणेनंच चल म्हटलं. स्टेशनवर त्यानं कार्डावर सांगलीचा पत्ता घातला, खाली एकच ओळ लिहिली, 'कन्यादानाला आम्ही बसतो', आणि ते पेटीत टाकलं.