धोब्याची खूण

मेहुण्याच्या लग्नासाठी अमृतला जुन्या फॅशनचा सूट हवा होता, तोही स्वस्तात. जुन्या कपड्यांच्या ढिगांतून कोट राहुरीत मिळाला, जाकीट पाथर्डीत, पँट देवळालीत.

तिन्ही मापाने शिवल्यासारखी बसली. तिन्हींच्या आत धोब्याची एकच खूण होती: तीन ठिपके, खाली रेघ.

आज त्याने नगरहून जुने बूट आणले. आत तीच खूण. बूट काही कुणी धोब्याकडे टाकत नाही.

अमृतला घाम फुटला. बूट खुंटीवरच्या कपड्यांखाली टाकून तो न्हाणीत शिरला आणि अंगावर पाणी घेत राहिला.

तेवढ्यात अंगणातून बायको म्हणाली, "अहो, लई रुबाबदार दिसताय. पर मघाधरनं हाका मारतीय, वळून तरी बघा की."

अमृतने ओ द्यायला तोंड उघडलं, तोच बुटांची करकर न्हाणीच्या दाराशी येऊन थांबली.