मोठी सर्व्हिसिंग

मेंढरांच्या पाठीवर ओळखीची लाल खूण करून मनकर्णाबाई तशाच लेकाच्या, बिरदेवच्या, गाडीत बसून परभणीला आल्या. बोटं अजून लालच होती.

गॅरेजवाला बिरदेवला म्हणाला, "छोट्या सर्व्हिसिंगनं भागायचं न्हाई. मोठीच करा. हा एअर फिल्टर बघा, पार गेलाय. नवाच टाकावा लागंल."

"बघू," म्हणत मनकर्णाबाईंनी फिल्टरच्या कडेला बोट टेकवलं.

"ओ मावशी, रंग लागायलाय त्याला!"

"लागू दे की. फेकायचाच हाय ना?"

बिरदेवनं मोठी सर्व्हिसिंग सांगितली. दुपारपर्यंत गाडी धुऊन-पुसून तयार झाली. "फिल्टर एकदम नवा टाकलाय," म्हणत गॅरेजवाल्यानं चावी पुढं केली.

मनकर्णाबाईंनी ती बिरदेवला घेऊ दिली नाही. "आधी बॉनेट उघडा. फिल्टर काढा भाईर."

कुरकुरत त्यानं काढला.



फिल्टरच्या कडेवरचा लाल बोटाचा ठसा त्याच्यापुढं धरून मनकर्णाबाई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या तीनशे मेंढरांत घुसलेलं आमचं एक वळखते मी. ह्यो तुमचा नवा फिल्टर आमच्याच कळपातला हाय!"