कोरी पोस्टकार्डं

१९९८ साल. टँकरवाले सांडोर गावच्या विहिरी उपसून शहरातल्या नव्या इमारतींना पाणी विकत होते आणि कृष्णाबाईच्या विहिरीचं पाणी मचूळ होत चाललं होतं. तिने आमदाराचा पत्ता घातलेली दीडशे पोस्टकार्डं घरोघर वाटली. एकसारखा मजकूर कुणी वाचत नाही, म्हणून बाकीची जागा मुद्दाम कोरी ठेवली.

"टँकर बंद करा म्हणून लिहा गं, आपापल्या शब्दांत!"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

महिन्याभराने ती आमदाराच्या कचेरीत जाब विचारायला गेली, तर त्याने गठ्ठाच पुढे सरकवला. "बाई, तुमच्याच गावची पत्रं. वाचा."

कुणाला रेशनकार्ड हवं होतं, कुणाला मुलासाठी नोकरी. टँकरचं नाव दोनच कार्डांवर होतं. एक तिचं. दुसरं शेजारच्या शत्रुघ्नचं, त्याला टँकरचा परवाना हवा होता.

घरी येऊन तिने त्याला फैलावर घेतलं. तो हसला. "काकी, पानी कोनीतरी नेनारच. मग मी का नको?"

पुढे शत्रुघ्नचे तीन टँकर झाले. आमदार पुन्हा निवडून आला. कृष्णाबाईची केळीची बाग वाळून गेली, तेव्हा लेकीने तिला माणिकपूरला, अशाच एका नव्या इमारतीतल्या आपल्या फ्लॅटवर नेलं. तिथे टँकर आला की म्हातारी आधी घोटभर पाणी चाखून बघते, आपल्या गावचं तर नाही ना.