धडधाकट गाडी

काशीत रामघाटच्या गल्लीत समोरून सांड आला तर माणसाला उलट्या पावली फिरावं लागतं, तिथे कार काय शिरणार! म्हणून नरहर गुरुजी गाडी ताब्यात घ्यायला मैदागिनच्या रस्त्यावर आले. त्यांचा मुलगा निनाद महिन्यापूर्वी पुण्यात कारच्या अपघातात गेला. चेहरा बघवणार नाही म्हणत मित्रांनी तिथेच सगळं उरकलं आणि अस्थी तेवढ्या काशीला आणून दिल्या. आता निनादच्या पुण्यातल्या घरमालकाला पार्किंगची जागा हवी होती, त्याने गाडी कॅरियरवर चढवून धाडली. पत्र्याचा चुराडा बघायचा म्हणून गुरुजी छाती घट्ट करून उभे.

कॅरियरवाल्याने गाडी खाली उतरवली.

"लीजिए पंडितजी, एकदम दुल्हन! चढ़ाते वक्त के फोटो से मिला लीजिए. एक खरोंच निकली तो मेरा नाम बदल देना."

गुरुजींनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. बंपर, काच, दिवे, सगळं धडधाकट. त्यांनी तिथूनच निनादच्या मित्राला, निमिषला, फोन लावला.

"अरे, गाडीला तर काहीच झालेलं नाही."

पलीकडून हुंदका आला. "काका, त्याने पंख्याला... तुम्हाला सांगायची हिंमतच झाली नाही हो."

गुरुजींनी सही केली, किल्ली कनवटीला खोचली आणि चालत घर गाठलं. निनादची आई, सुनीतीबाई, दारातच उभ्या होत्या.

"फार चेपलीय का हो? मलाही एकदा दाखवा."

"भंगारात देऊन आलो. पुढून पार चपटी झाली होती गं," गुरुजी म्हणाले. "पोराला कळलंसुद्धा नसेल."