पट्टीखालचं वाक्य

दुपारी रेडिओने सांगितलं आणि सगळ्या मोरकंब गावाला कळलं. "घराघरांत पोचलेल्या मिसेस पिलिंग, म्हणजेच अभिनेत्री एनिड मार्चबँक, आज सकाळी गेल्या."

सिरिलने रेडिओ बंद केला. चाळीस वर्षं ती रंगमंचावर उभी राहिली, आणि यांच्या लक्षात राहिली ती टीव्हीवरची लॉजची मालकीण. ते कामही जेमतेम दोन वर्षांचं. त्यात आल्यागेल्याला तिचं एकच वाक्य असायचं. "आधी पाय पूस, राजा!"

फोन थांबेना. शेजारची मॉड डोळे पुसत आली आणि दारातच अडली. "पुसते हो पाय, पुसते," ती रडता रडता हसली. मग अंत्यविधीवाला आला. त्यानेही पायपुसणं झिजेपर्यंत बूट घासले.

"नाहीतर मिसेस पिलिंग ओरडायच्या, साहेब."

"वरच्या खोलीत मिसेस पिलिंग नाही," सिरिल म्हणाला. "माझी बायको आहे."

वर्तमानपत्रवाल्याने फोनवर विचारलं, "शेवटी काही बोलल्या का? पाय पूस वगैरे?"

"चहा मागितला. दुसरं काय मागणार?" सिरिलने फोन आपटला.

एनिडने जन्मभर मोलकरणी केल्या, आत्या केल्या, शेजारणी केल्या. पडदा पडायच्या आत या बायका निघून जायच्या. नाटकातलं शेवटचं वाक्य नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी असायचं. आता कुठे, सत्तरीला टेकल्यावर, एका नव्या नाटकात ते तिच्या वाट्याला आलं होतं. गुरुवारी पहिला प्रयोग होता.

आणि ते वाक्य ती म्हणत नव्हती. नाटकवाल्यांचा रिवाजच तसा. शेवटचं वाक्य तालमीत उच्चारायचं नाही. प्रेक्षकांच्या आधी भिंतींनी ऐकलं, तर नाटक पडतं म्हणे. घरी सिरिल संहिता हातात धरून बाकी सगळ्यांची वाक्यं वाचायचा. त्याच्या तोंडून चुकून निसटू नये म्हणून तिने त्या ओळीवर जखमेची चिकटपट्टी लावून टाकली होती.

सिरिलचा जन्म नळजोडणीत गेला. त्याला हे पटायचं नाही. "पाणी सोडून बघितल्याशिवाय मी कुणाच्या घरातून निघालो नाही. तुमचं आपलं भलतंच! शेवटचा पेच आवळायचाच नाही."

"गुरुवारी आवळीन," ती म्हणायची.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तालीम चालायची. नाटकातली म्हातारी नवऱ्याशी, वॉल्टरशी, वर्षानुवर्षं बोलत नसते. शेवटी तो हात जोडतो, गयावया करतो. ते सगळं सिरिल वाचायचा. मग पट्टी यायची. एनिड गप्प व्हायची, खिडकीकडे बघायची आणि म्हणायची, "किटली ठेव, सिरिल."

कधी चिडून म्हणायची, कधी लाडात. एकदा तर रडवेल्या आवाजात म्हणाली. चहासाठी एवढं? सिरिल मनात म्हणायचा, बाईचं वय झालं. पुटपुटत उठायचा आणि गॅस पेटवायचा.

आज सकाळी मात्र त्याचं डोकं फिरलं.

"अर्धवट ऐकून ऐकून कान किटले माझे. आधी ते वाक्य म्हण, मग ठेवतो किटली."

एनिडने त्याच्याकडे बघितलं. खिडकीकडे नाही, त्याच्याकडे. मग अगदी हळू म्हणाली, "किटली ठेव, सिरिल."

"वाक्य आधी."

ती हसली. "पाठ टेकते जरा," म्हणाली आणि जिना चढून गेली. सिरिल हट्टाने बसून राहिला. कंटाळून वर गेला, तेव्हा सगळं संपलं होतं.

संध्याकाळी दिग्दर्शिका रोवेना पाइक आली. पाय न पुसता तडक आत आली. तेवढ्यासाठीच सिरिलला ती बरी वाटली.

"प्रयोग करायचा ठरलंय, सिरिल. तिच्या जागी दुसरी उभी राहतेय. पण एक अडलंय." ती घुटमळली. "शेवटचं वाक्य. सगळं नाटक त्याच्यावर उभं आहे. एनिड ते कसं म्हणणार होती?"

"मला काय विचारतेस?"

"तिनेच सांगितलं होतं. मी दहादा विचारलं, तर म्हणाली, सिरिलला विचार. रोज त्याच्यावर घासून बघते."

"माझ्यावर?" सिरिल ताडकन उठला. "मी जन्मात ऐकलं नाही ते! डोळ्यांनी बघितलंही नाही! पट्टी लावून ठेवली होती बाईने. आहे तरी काय ते, सांग एकदाचं."

रोवेनाने मान हलवली. "मी नाही म्हणायची. गुरुवारपर्यंत नाही."

"अरे देवा! सगळे एकाच माळेचे मणी!"

त्याने संहिता ओढली, शेवटचं पान उघडलं आणि नखाने पट्टी उचकटली. कागदाचा पापुद्रा निघाला, पण अक्षरं शाबूत होती.

"किटली ठेव, वॉल्टर."

त्याने ते पुन्हा वाचलं. मग खाली बसला.

"सिरिल?" रोवेना म्हणाली. "आठवतंय का काही? कसं म्हणायची?"

सिरिलने उचकटलेली पट्टी पुन्हा जागेवर दाबली. "हळू. खिडकीकडे बघायचं नाही. नवऱ्याकडे बघायचं. हुकूम सोडायचा नाही. पुन्हा बोलायला लागल्यासारखं म्हणायचं."

रोवेना तेच मनात घोळवत, ओठ न उघडता, दाराकडे गेली.

सिरिल शेगडीकडे बघत राहिला. एनिडने वाक्य म्हटलं होतं. किटली ठेवायची राहिली होती.