किमची आणि डोक्याचा पट्टा

वर्षभराची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला सासरी आलेल्या हेसूकडून सासूबाईंना कौतुक हवं होतं, पण तिच्या गोड बोलण्यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. “तुमच्या कंपनीचा तो मन ओळखणारा पट्टा बांध डोक्याला,” त्यांनी फर्मावलं. हेसूने पट्टा बांधून टॅबलेट चालू केला; ‘पट्टा जोडला’ अशी अक्षरं उमटली. सासूबाईंनी लालभडक हातमोज्याने किमचीचा मोठा घास तिच्या तोंडात कोंबला. नुसतं मीठ! हेसूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण टॅबलेटवर आनंदाचा काटा थेट टोकाला गेला. “बघा गं, मशीन खोटं बोलत नाही!” सासूबाई मदतीला आलेल्या शेजारणींना म्हणाल्या. तेवढ्यात गॅलरीतून सासरे आत आले. थंडीत कान झाकायला त्यांनी हेसूच्या पिशवीतला दुसरा पट्टा बांधला होता आणि हातात तळलेल्या कोंबडीची अर्धी तंगडी होती. सासूबाईंनी तंगडी पाहिली, टॅबलेट पाहिला, नवा घास उचलला. “सूनबाई, आता तुझा पट्टा जोड.”